उमरेडकरांचं मागचं दार

नागपूरच्या इतवारीत भाषण करायला अक्कल लागत नाही, माइक लागतो. व्यापारी मंडळाच्या सभेत तो माइक फिरत फिरत सुमंत उमरेडकरच्या हातात आला आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

सुमंत म्हणजे 'उमरेडकर वस्त्र भांडार'चा मालक. साड्यांचं दुकान. वडिलांनी थाटलेलं, यानं सांभाळलेलं. म्हणजे वडिलांनी जी वस्तू जिथं ठेवली होती ती यानं तिथून हलवली नव्हती, एवढाच त्या सांभाळण्याचा अर्थ. सभेचा विषय होता 'स्वच्छ दुकान, सुरक्षित दुकान'. हा विषय मंडळाला आपणहून सुचला असेल असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मंडळाला आजवर पार्किंग सोडून दुसरा विषय सुचलेला नाही. पण पाहुण्या म्हणून अग्निशमनच्या अधिकारी प्रेमिला गजभिये येणार होत्या, आणि आग विझवणाऱ्या बाईसमोर पार्किंगचं रडगाणं कोणत्या तोंडानं गाणार?

सुमंतनं सकाळी आरशासमोर उभं राहून तालीम केली होती. "ग्राहक आपल्या दुकानात पाऊल ठेवतो, तेव्हा त्याचा जीव आपल्या हाती असतो," या वाक्याला उजवा हात छातीवर न्यायचा, असं ठरलं होतं. त्याची बायको मधुवंती बँकेत जायच्या घाईत त्याच आरशात केस विंचरत होती. ती म्हणाली, "जीव राहू द्या. आधी दुकानातल्या गादीवरची चादर धुवायले टाका. मागच्या दिवाळीचा चहा दिसून राह्यला तिच्यावर."

अशा बोलण्यानं थोर माणसं खचत नसतात. भाषण गाजलं. हात छातीवर वेळेवर गेला. टाळ्या पडल्या. आणि मग गजभिये मॅडम माइकवर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "उमरेडकरजी फार छान बोलले. या बाजारात इतकी जाणीव असलेला माणूस आहे, हे मला माहीत नव्हतं. तर तपासणीची सुरुवात आपण त्यांच्याच दुकानापासून करू."

या वेळी टाळ्या दुप्पट पडल्या. त्यात सर्वांत मोठी टाळी शेजारच्या भांड्यांच्या दुकानवाल्या चंपतरावांची होती. दुसऱ्याच्या घरी पाहुणा उतरला की माणसाला जो आनंद होतो, तो त्या टाळीत होता.

मॅडम आल्या त्या कोणतीही वर्दी न देता. पायरीवर त्यांनी बूट काढले, कारण उमरेडकरांचं दुकान गादीचं आहे. पांढऱ्या चादरीच्या गादीवर गिऱ्हाइकानं मांडी घालून बसायचं आणि देवाजीनं समोर साड्यांचा ढीग उलगडायचा, ही तिथली रीत. देवाजी हा तिथला जुना सेल्समन. तो त्या वेळी दिसत नव्हता.

मॅडमनी आधी वायरी पाहिल्या. एका बोर्डावर पंखा, देवाचा लाल दिवा, तीन मोबाइल आणि चहाची किटली असा सगळा संसार लटकत होता. मग शिडी पाहिली. तिची एक पायरी तुटली होती आणि ती साडीच्या जरीच्या काठानं बांधलेली होती. "काठ मजबूत आहे, मॅडम," सुमंत म्हणाला. मग त्यांनी आग विझवायचं नळकांडं कुठं आहे ते विचारलं. ते कोपऱ्यात होतं, पण त्याला पैठणी नेसवलेली होती. नळकांड्याचा आकार बायकी वाटतो म्हणून देवाजीनं त्याचा शोपीस केला होता. पदर काढून पाहिलं तर त्याची मुदत सुमंतच्या लग्नाआधी संपलेली.

"मागचं दार कुठं आहे?" मॅडम म्हणाल्या.

"आहे ना."

"उघडा."

दुकान बोगद्यासारखं लांब. बोगद्याच्या टोकाला छतापर्यंत खोकी रचलेली, आणि त्या खोक्यांमागं दार होतं, असं त्यानं लहानपणी ऐकलं होतं. मॅडमनी एका खोक्यावर बोट वाजवलं, तर वरून आवाज आला, "आज उधारी नाई." देवाजी तिथं झोपला होता. रोज दुपारी झोपत होता. खाली उतरल्यावर तो मालकाला म्हणाला, "भाऊ, झोपलो नव्हतो. माल सांभाळून राह्यलो होतो."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडणाऱ्या अधिकाऱ्याला समजावता येतं. न चिडणाऱ्यासमोर माणूस काय करणार? बूट घालता घालता त्या म्हणाल्या, "बाकी सगळं दुरुस्त होईल. पण लग्नसराई सुरू होण्याआधी हे दार उघडलं नाही, तर मला दुकान सील करावं लागेल. तुमच्याच शब्दांत सांगायचं तर ग्राहकाचा जीव आपल्या हाती असतो."

साडीवाल्याचं दुकान लग्नसराईत सील होणं म्हणजे काय, ते साडीवाल्यालाच कळतं. उरलेलं वर्ष तो फक्त लायटीचं बिल भरण्यासाठी दुकान उघडतो.

आणि हे वाक्य त्यांनी पायरीवर, चंपतरावांच्या देखत उच्चारलं होतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सराफ्यापर्यंत पोचलं.

सल्ले आलेच. चंपतराव पान लावत लावत म्हणाले, "दार उघडाच्या फंदात काहून पडतं गा? मागच्या भिंतीवर दार रंगवून घे. माह्या ओळखीचा पेंटर आहे. असं हँडल काढते का आपोआप हात जाते धरायले."

"आणि मॅडमनी धरलं तर?"

"तर मॅडम म्हणतीन, जाम झालं आहे. तेल टाका म्हणतीन. तेवढ्यात लग्नसराई निघून जाते."

नागपुरात सगळे प्रश्न असेच सोडवले जातात, तेव्हा चंपतरावांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. आपल्या बाजारात साफसफाई म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या पायरीपर्यंत नेऊन सोडणं, आणि सुरक्षा म्हणजे शटरला दोन कुलपं. आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशी येतो, तिथून पुढं त्याला हातगाड्यांची परवानगी लागते. सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे जण सभेत टाळ्या वाजवतात.

पण सुमंत भाषणात अडकला होता. स्वतःच्या भाषणात अडकलेला माणूस दुसऱ्याच्या फासात अडकलेल्यापेक्षा वाईट. त्यानं खोकी उपसायला घेतली. आत काय निघालं? रिकामे डबे ठेवण्यासाठी जपलेले मोठे रिकामे डबे. पुतळ्यांचे सुटे हात. वडिलांच्या काळातली कॅलेंडरं, त्यातली बरीच सुतळीसकट. देवाजी प्रत्येक खोक्याला हात लावून म्हणायचा, "हे कामी येते, भाऊ," आणि काय कामी येतं ते विचारलं की पुढच्या खोक्याकडं वळायचा. शेवटी त्याचं अंथरूण दिसेनासं झालं आणि दार दिसू लागलं.

कडी तेल पाजून काढली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. सुमंतनं ढकललं. ते बोटभर सरकलं आणि थांबलं. फटीतून डोळा लावून पाहिलं, तर समोर तुळशीवृंदावन.

दारामागं यमुताईंचं अंगण होतं. यमुताई शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. दुकानाच्या झाडूचा कचरा त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडला, त्यावरून सुमंतच्या वडिलांशी त्यांचं वाजलं होतं. वडिलांनी आतून खोकी लावली. यमुताईंनी बाहेरून तुळस लावली. खोकी कोणीही हलवील. तुळशीला कोण हात लावतो? हे त्यांना बरोबर माहीत होतं.

सुमंत गल्लीला वळसा घालून त्यांच्या फाटकाशी गेला.

"कोण आहे?"

"मी सुमंत. उमरेडकर."

"कोणता उमरेडकर? ज्याच्या दुकानाचा कचरा माह्या पापडात पडला तो?"

"ते बाबांच्या काळातलं झालं, यमुताई."

"कचऱ्याले काळ नसते. उभा काहून आहेस, चपला काढ अन ये."

त्यानं सगळं सांगितलं. भाषणाचा भाग थोडक्यात सांगितला. यमुताई तांदूळ निवडत ऐकत होत्या. "म्हणजे तुही गादी वाचवाले मी माही तुळस हलवायची," त्या म्हणाल्या.

"तसं नाही. लोकांचे जीव..."

"हे वाक्य मी ऐकलं. लाउडस्पीकर इथवर येते."

खरी गोष्ट अशी की दाराच्या त्या आडोशाला तुळशीला ऊनच मिळत नव्हतं. दोन तुळशी वाळून गेल्या होत्या आणि तिसरी खंगलेल्या माणसासारखी उभी होती. पण भांडण म्हणजे भांडण. त्यात तुळशीलाही बाजू घ्यावी लागते. यमुताईंना स्वतःच ती हलवायची होती, फक्त उमरेडकरांपैकी कोणी तरी येऊन पाया पडावं, एवढ्याचीच वाट पाहत होत्या. सुमंत लगेच पडला. वाकण्याच्या बाबतीत साडीवाले मोकळे असतात.

"दोन गोष्टी," यमुताई म्हणाल्या. "तुह्या दुकानातला झाडू या दाराकडं येणार नाई. समोरून मारायचा, समोर न्यायचा. अन माह्या आंगणात चपला येणार नाई. मी रोज सडा टाकते."

"आमचं गिऱ्हाईक अनवाणीच असते, ताई. आग लागली तरी अनवाणीच पळीन."

या वाक्यावर तो स्वतःच खूश झाला. अशीच वाक्यं माणसाला पुढं नडतात.

वृंदावन सिमेंटचं होतं. यमुताईंची अट अशी की मजूर नको, मालकानं उचलावं. पूजा झाली, नारळ फुटला, आणि सुमंत आणि देवाजीनं ते अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवलं. देवाजीनं वजनाची बाजू सुमंतकडं दिली होती, हे सुमंतला कंबर बसल्यावर कळलं. रात्री मधुवंतीनं बाम चोळताना विचारलं, "जीव कोणाच्या हाती म्हणत होते तुम्ही?" त्यानं उशीत तोंड घातलं.

दार मात्र सताड उघडत होतं. नवी शिडी आली, वायरी पाइपात गेल्या, नळकांडं नवं आलं आणि त्याला काहीही नेसवायचं नाही अशी देवाजीला ताकीद मिळाली. मॅडमना निरोप गेला.

मॅडम अगदी गर्दीच्या वेळी आल्या. रामटेकहून नवरीच्या आत्याबाई सिंधूताई आठ-दहा बायकांना घेऊन गादीवर बसल्या होत्या आणि ढीग गुडघ्याच्या वर गेला होता. मॅडमनी शिटी वाजवली. "दुकानात आग लागली आहे असं समजा. सगळ्यांनी मागच्या दारानं बाहेर पडायचं. घाई नको, ढकलाढकली नको."

कोणी उठलं नाही.

"समजलं आम्हाले," सिंधूताई म्हणाल्या. "पण हा जांभळा शालू आधी मी पाह्यला. मी उठली तर ही माही जाऊ धरते."

"धरू द्या ना, आग लागली आहे."

"तुमी ओळखत नाई न तिले."

शेवटी तोडगा असा निघाला की जिच्या हातात जी साडी आहे ती तिनं घेऊन निघावं. मग मात्र बाया भराभर उठल्या, मागच्या दारानं शिस्तीत बाहेर पडल्या, अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. सुमंतनं सुटकेचा श्वास घेतला. तो पुरता बाहेर पडायच्या आत सिंधूताई मागं वळल्या आणि आल्या त्या दारानं परत दुकानात शिरल्या. त्यांच्यामागं बाकी सगळ्या.

"अहो, कुठं चाललात?" मॅडमनी दारात हात आडवे केले.

"चपला समोर आहे न."

"दुकान जळतंय, बाई."

"हाव, म्हणूनच. जळतीन न त्या. नव्या आहे."

मॅडमनी बाजूला होऊन त्या सगळ्यांना जळत्या दुकानातून ओळीनं पुढच्या पायरीपर्यंत जाऊ दिलं. चपला सापडल्या. एकीची जोडी उलटसुलट झाली होती, म्हणून ती आगीत जरा जास्त वेळ थांबली. पायरीवरून चंपतराव म्हणाले, "मॅडम, या तर सगळ्या गेल्या म्हणायच्या."

"उमरेडकरजी," मॅडम म्हणाल्या, "या तुमच्या पद्धतीनं माणसं दोनदा मरतील. चपलांची सोय मागं करा. लग्नसराईच्या आदल्या दिवशी मी शेवटची येईन. त्या दिवशी एक तर पास, नाही तर सील."

हे सांगणं सोपं होतं. पण चपला मागं ठेवायच्या तर गिऱ्हाइकानं यायचं कुठून? समोर उतरून चपला हातात घेऊन दुकानभर फिरणार? मॉलमध्ये तेही चालत असेल, इतवारीत नाही. सुमंतनं विचार केला, देवाजीनं विचार करण्याचा चेहरा केला, आणि शेवटी समोरच्या काचेवर बाणाची पाटी लागली: 'दुकानात येण्याचा मार्ग मागील गल्लीतून'. यमुताईंच्या परवानगीनं त्यांच्या फाटकाबाहेर चपलांचा रॅक ठेवला. लोक तिथं चपला काढायचे, सडा टाकलेल्या अंगणातून अनवाणी चालत दुकानात यायचे. चपलांसाठी समोर पळायची पाळीच नको.

आता जे झालं ते कोणाच्या डोक्यात नव्हतं. इतवारीतल्या सगळ्या साडी दुकानांत एक जुनं दुखणं आहे. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि निळा सारखाच दिसतो, आणि घरी गेल्यावर वाटाणी निघतो. म्हणून प्रत्येक बाई एकदा तरी म्हणतेच, "जरा बाहेर उजेडात दाखवा." मग देवाजी साडी घेऊन रस्त्यावर जाणार, हातगाडीवाला ओरडणार, पदराला चाकाचं तेल लागणार. इथं तर दारातच उघडं अंगण होतं, स्वच्छ ऊन होतं. बाया गादीवर बसेनाशा झाल्या. साड्या अंगणात आल्या. सुमंतनं चादर धुऊन घेतली होती, ती कोणी मळवेना.

आणि अंगणात यमुताई होत्या. खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या आणि कोणी विचारो न विचारो, मत देत होत्या.

"हा रंग नको वं. यात तू आत्ताच सासू दिसतं."

"काठ चांगला आहे, पण पोत पाह्य. दोनदा धुतली का पोतेरं."

"सुमंत, हिले ती खालची दाखव. महागाची काहून खपवून राह्यला?"

सुमंतच्या छातीत कळ यायची. त्याच्या धंद्याची सगळी इमारत 'ताई, तुम्हाले खूप खुलून दिसते' या एका वाक्यावर उभी होती. ते वाक्य या अंगणात म्हणायची सोय राहिली नाही. एकदा त्यानं दबल्या आवाजात म्हटलं, तर यमुताई म्हणाल्या, "खोटं नको बोलू, तुळशीसमोर आहेस."

पण गर्दी वाढली. जिला यमुताई 'घे' म्हणाल्या ती दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. हळूहळू बाया म्हणू लागल्या, "यमुताईकडं जाऊन साड्या घेऊ." उमरेडकर हे नाव त्या वाक्यात कुठं नव्हतं. सुमंतनं हे दुःख मधुवंतीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या दुकानात पहिल्यांदा कोणी खरं बोलून राह्यलं, म्हणून लोकं येऊन राह्यले. बसा गप."

समोरच्या बाजूला मात्र कोणी फिरकत नव्हतं. बाजाराचा नियम आहे, जिथं माणूस फिरकत नाही तिथं सामान उगवतं. मागून काढलेली खोकी देवाजीनं समोर रचली; टाकायची तर नव्हतीच. चंपतरावांनी पायरी रिकामी दिसली म्हणून आधी दोन गंज, म्हणजे उभी पितळी भांडी, ठेवले, मग पातेल्यांची उतरंड, मग लग्नाच्या जेवणाची डेगची. दोन दुकानांच्या मधल्या जागेचं इतवारीत असंच होतं, आणि जाब विचारायला गेलं तर समोरचा म्हणतो, "उचलतो न उद्या." सुमंतचं तिकडं लक्ष नव्हतं. तो दिवसभर मागं होता. दार मोकळं, जमीन कोरडी, झाडू समोर, चपला ओळीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं दुकान त्याच्या भाषणासारखं झालं होतं.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. फाटकाबाहेर बूट काढले, अंगणातून आत आल्या. सिंधूताईंची फलटण योगायोगानं नव्हे तर अंगच्या गुणानं पुन्हा आली होती. एक शालू बदलायचा होता. मॅडमनी वायरी पाहिल्या, शिडी हलवून पाहिली, नळकांड्याची तारीख वाचली. मान डोलावली. सुमंतचा उजवा हात आपोआप छातीकडं निघाला.

"लोक कुठून येतात आता?" मॅडमनी विचारलं.

"मागून, मॅडम. सगळे मागून. एक माणूस समोरून येत नाही."

"मग हे मुख्य दार झालं."

"म्हणा ना तसं."

"तर मग आपत्कालीन दार दाखवा."

सुमंतनं दाखवायला बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. बोगद्याचं दुसरं टोक काळोखं होतं. छतापर्यंत खोकी. खोक्यांपलीकडं काचेतून डेगचीची पाठ दिसत होती.

"ते समोर... आहे ना," तो म्हणाला.

"उघडा."

मॅडमच्या हाताखालच्या माणसाच्या पिशवीत सीलची लाख आणि फीत होती, ती सगळ्यांना दिसत होती. उद्यापासून लग्नं होती. सुमंतला वाटलं, आता आपण इथंच गादीवर झोपावं आणि लग्नसराई संपल्यावर उठावं.

तेव्हा मागून यमुताईंचा आवाज आला. "मॅडम, तपासणी उभ्यानंच करता का? चहा घ्या. चहा होईस्तोवर दार उघडते."

"चहा होईपर्यंतच थांबेन," मॅडम म्हणाल्या आणि अंगणात खुर्चीवर बसल्या.

तो चहा नागपुरातला सर्वांत सावकाश झालेला चहा असावा. यमुताईंनी आधी गॅसची नळी तपासली. मॅडमसमोर ते रास्तच होतं. मग आलं सापडेना. आलं सापडलं तर किसणी धुवावी लागली. दूध दोनदा गाळलं. मॅडम सगळं पाहत होत्या आणि घड्याळाकडं पाहत नव्हत्या, एवढं त्यांच्याबद्दल लिहून ठेवायला हरकत नाही.

इकडं सुमंत खोक्यांवर तुटून पडला. "कामी येते, भाऊ," देवाजी म्हणाला. "आता आलं कामी," सुमंत म्हणाला आणि पहिलं खोकं अंगणातून मागच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या हातगाडीकडं धाडलं. सिंधूताईंनी पदर खोचला. "उभ्या काहून आहा वं? लग्नाच्या घरच्या न तुमी?" बायांची साखळी झाली. खोकी गेली, काचेचं दार करकरत उघडलं, आणि चंपतरावांचे गंज हातोहात त्यांच्याच पायरीवर जाऊ लागले.

"ओ बाई, हळू. पितळेचा आहे तो," चंपतराव धावले.

"कितीले दिला हा?" सिंधूताईंची जाऊ म्हणाली. गंज तिनं सोडला नाही. चंपतरावांचा आवाज त्याबरोबर खाली आला आणि ते स्वतःच डेगचीचा दुसरा कान धरून उभे राहिले.

मॅडमनी कप खाली ठेवला आणि शिटी वाजवली. "अंगणात आग लागली आहे असं समजा."

बाया साड्या घेऊन समोरच्या दारानं धडाधड बाहेर पडल्या. रस्त्यावर ओळीत उभ्या राहिल्या. ऊन रणरणतं होतं, डांबर तापलं होतं, आणि एकेकीचे पाय आळीपाळीनं वर जाऊ लागले. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. चपला मागं होत्या. यमुताईंच्या फाटकाबाहेर.

सिंधूताईंनी दुकानाकडं पाहिलं. मॅडम दारात उभ्या होत्या. एक बाई जरी आत शिरली असती तरी सगळं संपलं होतं.

"थांबा," सुमंत म्हणाला. "कोणी हलायचं नाही."

आणि तो धावत सुटला. दुकानातून नाही. बाहेरून, रस्त्यानं, हातगाड्या चुकवत, गल्लीला पूर्ण वळसा घालून, अनवाणी. परत आला तेव्हा डोक्यावर यमुताईंचं वाळवणाचं टोपलं होतं आणि टोपल्यात दहा-बारा जोड चपला. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष त्यांच्या दुकानातून पाहत होते. सराफ्यातले दोघं पाहत होते. 'ग्राहकाचा जीव आपल्या हाती' म्हणणारा माणूस ग्राहकाच्या चपला डोक्यावर घेऊन भर बाजारातून चालला होता. त्याला तळपाय भाजत असल्यामुळं लाज वाटायला वेळच मिळाला नाही. त्यानं टोपलं ठेवलं, चपला जोड्या जुळवून एकेकीच्या पायाशी मांडल्या, आणि सिंधूताईंच्या पायाशी मांडताना त्या म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊ, एवढं माहा जावई करत नाई."

मॅडमनी सही केली. फक्त एक गोष्ट राहिली, म्हणाल्या, नियमाची पाटी लागते. आणि त्यांच्या माणसानं पिशवीतून लाल पाटी काढून समोरच्या दारावर, वडिलांनी लावलेल्या दुकानाच्या नावाखाली, ठोकून दिली: 'आपत्कालीन दार. केवळ संकटकाळी वापरावे.'

रस्त्यावरून दिसणारं चाळीस वर्षांचं दार, आणि त्यावर ही पाटी. चंपतरावांनी ती दोनदा वाचली, पण त्या दिवशी त्यांचे सहा गंज खपले होते, म्हणून टोमणा पानाबरोबर चघळत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लग्नाची गर्दी मागं अंगणात उसळलेली असताना त्या समोरच्या दाराच्या काचेवर टकटक झाली. एक माणूस उभा होता. हातात हेल्मेट, अंगावर हिंगण्याच्या कंपनीचा निळा शर्ट, चेहरा शिफ्ट करून थकलेला. सुमंतनं दार थोडं उघडून मागच्या गल्लीचा बाण दाखवला.

"वाचली मी पाटी," तो म्हणाला. "म्हणूनच इथून आलो."

त्यानं खिशातून घडी केलेला ब्लाउजपीस काढला. लाल म्हणावा तर लाल नाही, मरून म्हणावा तर तोही नाही. "बायकोनं सांगतलं, याच्या मॅचिंगची साडी आणजो. अन बरोबर हाच रंग पाह्यजे म्हणते."

सुमंतनं तो कपडा ट्यूबलाइटखाली धरला, दाराशी नेऊन उजेडात धरला, आणि दार सताड उघडलं.

"या," तो म्हणाला. "देवाजी, यमुताईले बोलाव."